मासे मेले, औषधाआधी पाणी तपासा

परीक्षा संपल्या की मुलांच्या हट्टापायी अकोटच्या एखाद्या घरात दोन फुटांची काचेची पेटी येते. चार गोल्डफिश, दोन मोली, तळाला रंगीत खडे. पहिला आठवडा कौतुकात जातो. दहाव्या दिवशी एक मासा तरंगतो, बाराव्या दिवशी आणखी दोन. ‘पाणी तं तेच हाये, मंग मेले कशानं?’ असा प्रश्न पडतो आणि दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली जाते. तिने भागले नाही तर घरात उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकतात. आठवडाभरात पेटी रिकामी होते आणि खापर दुकानदारावर फुटते.

निदानाआधी औषध ही आपली जुनी खोड. ताप आला की गोळी, मासा सुस्त झाला की बाटली. माशांच्या बाबतीत ती जास्त महागात पडते, कारण नव्या पेटीतले बहुतेक मासे रोगाने मरत नाहीत, स्वतःच्याच उत्सर्गाने मरतात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे काही जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. पण ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे मात्र पहिल्याच दिवशी सोडलेले असतात. त्यात अँटिबायोटिक पडले की हेच उपयोगी जिवाणू मरण्याची भीती असते.

अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरते. ३० अंश तापमानाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच साडेआठ झाला की तोच भाग वीस टक्क्यांच्या आसपास जातो. वऱ्हाडातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात, ते खारटही असते. त्यावर आपला मे महिना. त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकाकडे जितके खाद्य, जितके मासे चालले तितके इथे चालतीलच असे नाही.

नळाच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. वान धरणाचे पाणी गोडे, पण घरी पोचते ते क्लोरीन घालून, आणि ते तसेच हवे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असे मानक आहे. माणसाला त्याचा त्रास नाही, पण माशाचे कल्ले त्याने भाजतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात सोडलेले गप्पी मासे ब्लीचिंग पावडर पडताच मरतात, तेही याचमुळे. घरोघरची चूक म्हणजे रविवारी पेटी लख्ख करण्याच्या नादात फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून धुणे. जिवाणू जातात, अमोनिया पुन्हा चढतो आणि मंगळवारी मासे मरतात. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा, आणि नवे पाणी निदान एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे.

मरण कोणत्या वेळी आले हेही बरेच सांगून जाते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर प्राणवायू कमी पडला. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात रात्री वीज गेली, पंप थांबला, की बहुधा मोठे मासे आधी जातात. एका रात्रीत लहानमोठे सगळेच मेले तर विषाचा संशय घ्यावा. कपाशीवर फवारणी करून आलेला हात पेटीत गेला का? खोलीत डासांचा स्प्रे मारला का? त्यातली पायरेथ्रॉइड रसायने माणसाचे शरीर लवकर निकामी करते, माशाला ते जमत नाही. आणि हवेचा पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो.

म्हणून मासा मेला की आधी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासावा. थेंब टाकून रंग पाहण्याचे किट मिळते. पहिल्या दोहोंचे उत्तर शून्य यायला हवे. आले नाही तर दोनतीन दिवस खाद्य बंद करावे आणि रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलणे हा दुसरा धक्का. दुकानदाराने पेटीबरोबर रंगीत खड्यांऐवजी हे किट गळ्यात मारले, तर त्याच्यावरचे निम्मे आळ टळतील.

घरात खरी धास्ती वेगळीच असते: हेच पाणी आपण पितो, मग ते विषारी का? क्लोरीनने मासे मेले असतील तर पाणी उलट जंतुमुक्त असण्याची शक्यता जास्त. याच्या उलटी समजूत अधिक धोक्याची आहे. विहिरीत मासे खेळतात म्हणजे पाणी चांगले, असे खेड्यापाड्यांत सर्रास मानले जाते. कॉलराचे किंवा काविळीचे जंतू माशाचे काही बिघडवत नाहीत. नायट्रेटचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे असे भारतीय मानक सांगते. मासे त्याहून जास्त नायट्रेटमध्येही निवांत पोहतात. पण असल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेली पावडर तान्ह्या बाळाला पाजली तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि ओठ निळे पडतात. अमेरिकेतल्या आयोवात १९४५ मध्ये हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी हे प्रथम दाखवून दिले. युरिया पडणाऱ्या शेतातल्या विहिरीचे पाणी घरात बाळ येण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

मेलेला मासा नाल्यात किंवा विहिरीत टाकू नये, पुरावा. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये. नंतर साबणाने धुवावा. पेटीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरिनम, असू शकतो. बोटावर आठवडेच्या आठवडे न भरणारी गाठ येते आणि साध्या मलमांनी हटत नाही. अशी गाठ दाखवायला गेल्यावर घरात माशांची पेटी आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. त्यांना ते विचारायचे सुचेलच असे नाही.