खेळातली रोजंदारी

मोबाइलवर खेळून पैसे मिळतात म्हटले की घरातली पोरे हरखतात. म्हणून फिलिपाइन्समधली ही हकिकत.

२०२१ साली महामारीत तिथे कामे बंद पडली आणि हजारो माणसे ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ हा खेळ पोटासाठी खेळू लागली. त्याला तीन चित्रातले प्राणी विकत घ्यावे लागत. ऐपत नसलेल्याला मालक आपले प्राणी देई आणि कमाईत वाटा घेई. या बटाईला नाव काय, तर ‘स्कॉलरशिप’! शिष्यवृत्तीचे मोल जाणणाऱ्या आपल्या घरांना ते टोचावे.

समोर कोण येणार ते यंत्र ठरवी. जिंकलात की गुण वाढत, पुढचा गडी तगडा येई. हरलात की हलका. त्यामुळे हरणारा वैतागून उठत नसे आणि जिंकणाऱ्याला उसंत नसे. गुण ठरावीक पातळीखाली घसरले तर जिंकूनही नाणे नाही. मग आवडीचा डाव मागे पडतो, नाणे देणारा डावच माणूस रात्रंदिवस खेळतो. बिडी वळणाऱ्या बाईला छाट काढणारा निदान समोर दिसतो, त्याच्याशी भांडता येते. इथे नुसता आकडा. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता एकेकाची सवय हेरून, तो कंटाळायच्या बेतात असतानाच आमिष पुढे करू शकते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने रोजच्या ठरलेल्या कामाची नाणी देणेच बंद केले. २०२१ च्या मध्यावर ज्या नाण्याला २० रुपयांहून अधिक मिळत, त्याला २०२२ अखेरीस २५ पैसेही मिळेनात.