उसनी साक्ष

वॉल्ट व्हिटमनने १८५६ मध्ये 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'ची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा एमर्सनच्या खासगी पत्रातील अभिनंदनाचे वाक्य पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापले. तेही एमर्सनला न विचारता. स्तुती खरी होती. पण ती कवीसाठी होती, ग्राहकासाठी नव्हे.

विपणनशास्त्र यालाच 'सामाजिक पुरावा' म्हणते: इतरांनी वाखाणले, म्हणजे माल चांगलाच असणार. आपल्याकडील पुस्तकांची मलपृष्ठेही याच भरवशावर सजतात. अपरिचित पुस्तक हाती घेताना जाणत्याचा शब्द आधार देतो, हे मान्य. परंतु ज्या साक्षीदाराला उणे बोलण्याची मुभाच नाही, त्याच्या साक्षीला मोल ते काय? वाचकाचा विश्वास संपादन करायचा, तर अभिप्रायात एखादी उणीवही नोंदलेली असावी. तोवर विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे: मलपृष्ठ शेवटी वाचा.