किनाऱ्याच्या थोडं वर

कोकणात जायचं म्हटलं की आपली गाडी थेट पुळणीवर जाऊन थांबते. समुद्र, मासळी, सोलकढी, परत. यात वावगं काही नाही, पण कोकणचं खरं वैभव बरेचदा किनाऱ्याच्या वर, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर असतं. उन्हाळ्यात हा जांभा इतका रखरखीत, की सरकारदरबारी त्याची गणना पडीक जमिनीत होते. पहिल्या पावसानंतर मात्र त्याच कातळाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकणाबाहेर फारशी कुठे आढळत नाही. पुढे श्रावण-भाद्रपदात ‘सीतेची आसवं’ नावाच्या फुलांनी सडा जांभळा होतो. इतकं नाजूक फूल, पण झाड मांसाहारी! मातीत सत्त्व नाही, म्हणून मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं. हे पाहायचं तर गुडघे टेकावेच लागतात.

किनाऱ्यावरच थांबायचं, तर वेळास गावी अंडी घालायला येणारी कासवं आता सर्वांना ठाऊक आहेत. या ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि पिल्लं वेळापत्रक पाळत नाहीत. घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर खाली नुसतीच वाळू निघाली, तर गावकऱ्यांवर चिडू नये.

या अंकात हॉटेलांची यादी नाही. सड्यावर गाडी घालू नका, फुलं तुडवू नका, आणि मुक्काम गावातल्या घरातच करा.