फोल्डरच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?

बायकांच्या संघटनांच्या कार्यालयांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ते फाईल-बिईलचं राहू दे, तो मुलगा आला की बघेल." तो मुलगा म्हणजे कुणाचा तरी भाचा, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा भाऊ, नाहीतर आठवड्यातून दोनदा येणारा ऑपरेटर. संघटना बायकांची, अहवाल बायकांनी लिहिलेला, त्यातलं दुःखही बायकांचं. पण तो अहवाल संगणकात नेमका कुठे आहे हे फक्त एका पुरुषाला ठाऊक! आणि याचं आपल्याला काहीच वाटत नाही. मला या न वाटण्याशीच भांडायचं आहे.

घरात किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे यावरून सत्ता कुणाची ते कळतं, हे आपण शिबिराशिबिरांतून सांगत आलो. धान्याच्या कोठीची किल्ली सासूकडे, कपाटाची नवऱ्याकडे, आणि सून मात्र दिवसभर त्याच घरात राबणारी. मग संघटनेच्या संगणकाकडे बघताना हे विश्लेषण कुठे जातं? फोल्डर म्हणजे दुसरं काय, फडताळातला कप्पाच. फाईल म्हणजे त्या कप्प्यात ठेवलेला कागद. कप्प्यात आणखी कप्पा करता येतो, कागद एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवता येतो, त्याची नक्कल काढता येते, नाव बदलता येतं, फेकलेला कागद काही काळ कचऱ्याच्या टोपलीत सापडतो. चाळीस जणींचं घर, डबे, रेशन, भिशीचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे? अवघड काही नाही. ते तिचं काम नाही, असं ठरवून टाकलं गेलं आहे इतकंच.

आणि हे ठरलं कसं तेही पाहण्यासारखं आहे. कचेरीत कागद लावणं, टंकलेखन करणं, नोंदी ठेवणं ही कामं बायका करत होत्या तोवर ती 'कारकुनी' होती, म्हणजे कमी पगाराची आणि कमी अकलेची समजली जाणारी. तेच काम संगणकावर गेलं, त्याला 'डेटा' आणि 'सिस्टीम' अशी नावं मिळाली आणि ते एकदम तांत्रिक, म्हणून पुरुषी झालं. 1945 मध्ये अमेरिकेत एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाची आज्ञावली जुळवणाऱ्या सहाही जणी बायका होत्या. त्यांची नावं जगाला कळायला काही दशकं लागली. यंत्र बायकांना जमत नाही ही समजूत यंत्राच्या जन्मापासूनच खोटी आहे.

शिकवतात काय आणि वगळतात काय

कुणी म्हणेल, प्रशिक्षणं तर होतात की! होतात. एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं महाराष्ट्रात गेल्या वीसहून अधिक वर्षांत घराघरात पोचली. बचत गटांच्या बायकांसाठीही संगणक वर्ग निघतात. पण मी अशा वर्गांतून बाहेर पडलेल्या अनेकींना एकच प्रश्न विचारते: "तुम्ही टाईप केलेलं पत्र आत्ता कुठे आहे?" उत्तर येतं, "वर्डमध्ये." ते डेस्कटॉपवर आहे, डॉक्युमेंट्समध्ये आहे की पेनड्राईव्हवर, हे सांगता येत नाही. कारण त्यांना इथे दाबा, मग तिथे दाबा, अशी पाठांतराची साखळी शिकवलेली असते. ती साखळी एका ठिकाणी तुटली की बाई पुन्हा त्या मुलाच्या दारात. वाचायला न शिकवता सही करायला शिकवण्याचा हा प्रकार आहे. साक्षरता मोहिमेच्या काळात आपण त्यावर किती टीका केली!

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत संगणक कौशल्यांची जी यादी धरलेली आहे, तीत फाईल किंवा फोल्डरची नक्कल करणं किंवा ते हलवणं हे अगदी मूलभूत कौशल्य म्हणून येतं. आपल्या देशात 2020-21 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ते विचारलं गेलं. याचा अर्थ, ज्याला आपण किरकोळ समजतो ती पहिली पायरी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका सुमारे 33 टक्के आणि पुरुष 57 टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका 54 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जिच्या हातात यंत्रच उशिरा आणि उसनं येतं, तिला पहिली पायरी गाळून तिसरीवर चढायला सांगतात.

राबवून मात्र पुरेपूर घेतात. पोषण ट्रॅकर आला तेव्हा अंगणवाडी सेविकांकडून माहिती भरून घेण्याचा सपाटा सुरू झाला. फोन निकृष्ट, ॲप इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. हे आंदोलन मानधनाच्या आंदोलनाइतकंच महत्त्वाचं होतं. माहिती भरायची सेविकेने, पण भरलेल्या माहितीची एक प्रत तरी तिच्या हाताशी, तिच्या फोल्डरमध्ये असते का? अधिकाऱ्याने "तुम्ही नोंद केलीच नाही" म्हटलं तर ती काय दाखवणार?

पुरावा हरवतो तो असा

समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आता बाई येते ती पदराखाली वळ घेऊन आणि फोनमध्ये पुरावा घेऊन. धमकीचं रेकॉर्डिंग, शिवीगाळीचे संदेश, मोडलेल्या दाराचा फोटो. मी पाहिलेल्या एका प्रकरणात बाईने चार महिने नवऱ्याच्या धमक्या टिपून ठेवल्या होत्या. फोन घरातला, सगळ्यांच्या हातातला. एका रात्री नवऱ्याने तो पुसून कोरा केला. चार महिन्यांची हिंमत पाच मिनिटांत गेली. त्या फाईली दुसऱ्या जागी ठेवायला दहा मिनिटं पुरली असती. पण ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं, ना वर्गात, ना पोलीस ठाण्यात.

कायदाही आता फाईलच्या भाषेत बोलतो. जालन्याच्या एका निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं. त्याच्या प्रमाणपत्रात फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून यंत्राने काढलेला आकडा, फाईलचा अंगठाच म्हणा. रेकॉर्डिंगचा तुकडा कापला, फोटो बारीक केला की अंगठा बदलतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने घटतो आणि तो कधी काढला याची आतली नोंदही गळते. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये, आणि कामासाठी नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये. हा साधा नियम ठाऊक नसल्याने पुरावा कच्चा पडला, तर दोष त्या बाईचा नाही. तिला फक्त कायदा शिकवून घरी पाठवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

याची दुसरी बाजू गुप्ततेची. बलात्कारित बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे; पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या 228 अ खाली होता. आपण बैठकीत नाव घेत नाही, पत्रकात नाव छापत नाही. आणि कार्यालयातल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर तिच्या पूर्ण नावाची फाईल, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी! तक्रार अर्ज गल्लीतल्या दुकानात छापून घेतो, तेव्हा त्याची प्रत त्या दुकानाच्या डाऊनलोड्समध्ये राहते. आधारकार्ड, गुणपत्रिका, पासबुक, सगळं तिथे साचतं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी ठिकठिकाणी बायकांची गर्दी उसळली. ज्यांनी अर्ज बाहेर भरून घेतले, त्यांच्यापैकी किती जणींनी "आमचे कागद आता पुसा, टोपलीतूनही पुसा" असं म्हटलं असेल? म्हणायला आधी माहीत हवं की कागद तिथे उरतो.

चळवळीची आठवण कुणी ठेवायची?

तिसरी गोष्ट आपल्या इतिहासाची. मथुरा खटल्यानंतर 1980 मध्ये जे आंदोलन उभं राहिलं, त्याची पत्रकं जपली गेली कारण कुणीतरी ती कागदावर जपली. मुंबईत 1988 मध्ये 'स्पॅरो' हे बायकांचं अभिलेखागार उभं राहिलं ते याच जाणिवेतून. पण नव्वदीनंतरचं आपलं बरंचसं लिखाण संगणकावर झालं. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या त्या फाईली आज युनिकोडच्या यंत्रावर उघडल्या तर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. शोध घेतला तर सापडत नाहीत, कारण यंत्राच्या लेखी ते मराठीच नाही. त्या रूपांतरित करता येतात, पण त्या आहेत आणि कुठे आहेत हे तर कळायला हवं. 'नवीन', 'नवीन 2', 'फायनल', 'फायनल खरं' अशा नावांच्या ढिगाऱ्यात एखाद्या गावच्या दारूबंदीचा अख्खा लढा गाडला जातो. पुढच्या पिढीने विचारलं, तुम्ही काय केलंत, तर काय दाखवणार?

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. "आमचं काम रस्त्यावर आहे." आहेच. पण रस्त्यावरून उचलून आणलेलं निवेदन, त्याची पोच, त्यावरचं उत्तर सापडलं नाही तर पुढच्या मोर्च्यात अधिकारी आपल्यालाच वेड्यात काढतो. "आता सगळं फोनवर असतं, फोल्डर जुने झाले." फोनने फोल्डर नाहीसे केले नाहीत, फक्त आपल्यापासून लपवले. जे दिसत नाही त्यावर ताबा राहत नाही, हे बायकांइतकं कुणाला कळतं? "आमचं वय झालं." साठीच्या बाईने बँकेचा फॉर्म भरायला शिकावं असा आग्रह आपण धरलाच होता ना?

तेव्हा मागणी सरळ आहे. प्रत्येक गटात किमान तिघी अशा हव्यात ज्यांना फाईल तयार करणं, नाव देणं, हलवणं, नक्कल काढणं, शोधणं आणि कायमची पुसणं येतं. एकच नको, एकीच्या हातात गेलेली किल्ली म्हणजे नवी सासू. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यंत्र आपोआप क्रम लावतं. प्रकरणाला नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांक-नावाची वही कुलपात. महत्त्वाच्या प्रत्येक फाईलच्या तीन प्रती, त्यातली एक कार्यालयाबाहेर, विश्वासाच्या जागी. पासवर्ड कार्यकारिणीतल्या दोघींकडे, पगारी ऑपरेटरकडे नव्हे. कार्यकर्त्यांच्या शिबिरात कायद्याच्या सत्राइतकाच वेळ या कामाला, आणि ते शिकवायला बाईच. जी काल शिकली, ती आज शिकवेल.

सरकारकडे आणि वर्ग चालवणाऱ्यांकडेही मागणी करू: पाठांतर बंद करा, बाईला आधी तिचा कागद कुठे आहे ते दाखवा. पण ते ऐकतील तेव्हा ऐकतील. मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. संगणक मधोमध ठेवा, माऊस सर्वांत गप्प बसणाऱ्या बाईच्या हाती द्या, आणि तिला संघटनेचा गेल्या वर्षीचा अहवाल शोधून काढायला सांगा. शेजारच्या बाईने तोंडाने सांगावं, हात लावू नये. वेळ लागेल. लागू द्या.