व्हॅटिकन तोंडपाठ, चांदा अनोळखी

व्हॅटिकन हे जगातील सर्वांत लहान सार्वभौम राष्ट्र. क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर. जन्म १९२९ च्या लॅटरन कराराने. कायदा, कारभार आणि न्याय या तिन्ही सत्ता पोपच्या हाती. स्पर्धा परीक्षांसाठी ही माहिती घोकणारे विद्यार्थी चंद्रपुरातही आहेत, गडचिरोलीतही. खुशाल घोकावी. परंतु चंद्रपूरच्या कोटावर कोरलेला, हत्तीला नमविणारा सिंह हे कोणाचे राजचिन्ह, असे त्यांना विचारले तर किती जण सांगू शकतील?

ते चांद्याच्या गोंड राज्याचे चिन्ह. आधी शिरपूर, मग वर्धाकाठचे बल्लारपूर आणि अखेर इरई-झरपट संगमावरील चांदा, अशी या राज्याची राजधानी सरकत आली. कोटाचा घेर सुमारे अकरा किलोमीटर; चार दरवाजे, पाच खिडक्या. व्हॅटिकन त्यात अनेकदा मावले असते! वैरागडपर्यंतचा वनप्रदेश या राज्याच्या अमलाखाली होता. जो रान मोडून शेत करील त्याला जमीन आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, अशी येथील राजांची रीत होती. तलावासाठीच्या या देणगीला ‘तुकूम’ म्हणत. आज चंद्रपुरात तुकूम ही मोठी वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या किती सुशिक्षितांना या नावाचा अर्थ ठाऊक असेल? पती बीरशाहच्या हत्येनंतर दत्तक पुत्र रामशाहच्या नावे राज्य सांभाळणाऱ्या राणी हिराईने महाकालीचे मंदिर उभारले. चैत्रात मराठवाडा-तेलंगणातून तेथे भाविक लोटतात. गोंड राणीने बांधलेल्या देवळात सारा समाज माथा टेकतो, तेव्हा वनवासी आणि हिंदू हे वेगळे, असा सिद्धांत मांडणाऱ्या विद्वानांनी एकदा ही यात्रा पाहावी.

हे राज्य १७५१ मध्ये बुडविले ते नागपूरकर भोसल्यांनी, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्यांच्या चुका झाकून इतिहास उभा राहत नाही. पुढे इंग्रज आले आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी झाली.

ज्या समाजाने शतकानुशतके राज्य चालविले, त्याला ‘राज्य ही तुमच्यावर लादलेली परकी वस्तू आहे’ असे १९८० पासून बंदुकीच्या धाकाने पढविले गेले. ते काही अंशी पटले, कारण त्याला खोडून काढणारा धडा शाळेत नव्हताच. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल नेता भूपतीने गडचिरोलीत साठ साथीदारांसह शस्त्रे ठेवली. आता तो धडा लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे?

झाडोऱ्यात बुडालेला चांद्याचा कोट २०१७ पासून ‘इको-प्रो’च्या तरुणांनी स्वतःच्या हातांनी मोकळा केला. गोंडवाना विद्यापीठाने आणि पाठ्यपुस्तक मंडळाने या राज्याचा भूगोल व कारभार सांगणारे चार पानांचे प्रकरण दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेत पोहोचवावे. पालकांनी त्याची वाट न पाहता या सुट्टीत मुलांना बोटाला धरून जटपुरा दरवाजापर्यंत न्यावे.