पुण्याचं काम? छे, नुसतं काम म्हणा!

मुळशी म्हटलं की लोकांना आधी तो सिनेमा आठवतो, मग धरण, मग पावसाळ्यातली भजी. पण मंडळी, आपली हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे आणि म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुलही तिथलंच. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. ट्रॅफिकला शिव्या घालत आपण रोज त्याच्या बाजूने जातो. असो.

आजचा विषय अपंग खेळाडूंच्या प्रशिक्षकांचा. असा माणूस भेटला की आपल्या तोंडून एकच वाक्य येतं, "केवढं पुण्याचं काम करता हो!" मला वाटतं, या वाक्यानेच त्याचं काम जास्त अवघड होतं.

कसं ते सांगतो. सांगली जिल्ह्यातला सचिन खिलारी. मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. लहानपणच्या अपघाताने एक हात अधू झालेला, सराव पुण्यात. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्ण जिंकणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टची फेक होती १६.३८. फक्त सहा सेंटीमीटर! आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, फॉरवर्ड केलं. पण त्या सहा सेंटीमीटरबद्दल अशा खेळाडूशी कोण बोलणार? सगळं जग "एवढं केलंस हेच खूप" म्हणत असताना "अजून हवं" म्हणणारा एकच माणूस असतो. तो कोच.

कारण नियम कुणाची कहाणी विचारत नाहीत. करमाळ्याचा सुयश जाधव, लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावूनही पॅरालिम्पिकपर्यंत पोचलेला जलतरणपटू. २०२१ मध्ये टोकियोत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीत नियमभंगामुळे तो अपात्र ठरला. अशा वेळी कुरवाळत बसलं तर चूक सुधारत नाही आणि लगेच तंत्राचं लेक्चर दिलं तर माणूस तुटतो. कोचला यातून वाट काढायची असते, तीही स्वतःची निराशा गिळून.

रोजचा सराव तर आणखी कठीण. मणक्याला इजा झालेल्या खेळाडूला इजेच्या खाली घाम नीट येत नाही, उन्हात अंग पटकन तापतं. व्हीलचेअरवर बसून कातडीला जखम झाली तरी त्याला ती कळत नाही. "सर, मी ठीक आहे" हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, पण ते खरं असेलच असं नाही. थांबवायचं की नाही हे कोचने ठरवायचं. उगाच थांबवलं तर ती दया झाली. नाही थांबवलं तर त्या जखमेपायी पोरगा महिनोन् महिने बिछान्यात. हा निर्णय रोज, आणि चुकला तर दुसऱ्याच्या शरीरावर. वर घरच्यांचे फोन, लग्नाचे प्रश्न, हॉस्टेलला रॅम्प नाही वगैरे आहेच.

आता सांगा, याला पुण्य म्हणून कसं चालेल? पुण्याला पगार नसतो, सुट्टी नसते. पुण्य करणारा "मी थकलोय" असं म्हणूच शकत नाही. आपण एका डेडलाइनला 'बर्नआउट' म्हणून चार दिवस कोकणात पळतो, त्याने तसं केलं तर "अरेरे, त्या बिचाऱ्यांचं काय?"

आपल्या कंपन्यांच्या सीएसआरमधून व्हीलचेअर वाटल्या जातात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारा की एका कोचचा वर्षभराचा पगार देऊया का? त्याला एक सहाय्यक? खेळाडूबरोबर त्यालाही मन मोकळं करता येईल असा एखादा मानसतज्ज्ञ? यात फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

आणि हो, पुढच्या वेळी असा कोच भेटला तर हात जोडू नका. त्याला सरळ विचारा, "काय सर, टायमिंग किती सुधारलं?" बघा, चेहरा कसा खुलतो ते!