सायकल काढण्याआधी हिशेब मांडा

चांगल्या कामासाठी लांब पल्ल्याची सायकल फेरी काढायची, ही कल्पना आपल्या मुलामुलींना आता नवी राहिलेली नाही. २०१७ साली ब्रिटनमधले काही मुस्लिम सायकलस्वार लंडनहून निघून हजसाठी मदिनेला पोहोचले आणि वाटेत त्यांनी सीरियातल्या मदतकार्यासाठी निधी जमवला. आपल्या विदर्भाला तर सायकलवरच्या सामाजिक कामाचा मोठा वारसा आहे. बाबा आमटे यांची पहिली 'भारत जोडो' यात्रा डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघाली. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना गाडीतून जावं लागलं, पण त्यांच्यासोबत शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा नेला. तो सायकलवर नव्हता, पण आपला प्रश्न घेऊन गावोगाव जायचं, विरोध झाला तरी बोलायचं, ही रीत त्यानेही दाखवली.

भंडाऱ्यात आम्ही नऊ जण अशाच एका फेरीची तयारी करतो आहोत. मार्ग असा: भंडारा, नागपूर, सेवाग्राम, वरोरा, चिमूर, ब्रह्मपुरी, लाखांदूर, साकोली आणि परत भंडारा. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, दिवस सात, रोजचा पल्ला ५० ते ८० किलोमीटर. धान कापणी आटोपली की थंडीत निघायचं. सायकली घरातल्याच, साध्या. या तयारीत रस्त्यापेक्षा जास्त वेळ वादात गेला, आणि ते वाद आमच्यापुरते नाहीत. तुमच्या गावात अशी फेरी निघणार असेल तर तुमच्याही बैठकीत हेच प्रश्न येतील. म्हणून माझं मत मांडते.

पहिला प्रश्न पैशाचा. नऊ जणांचं सात दिवसांचं जेवण, चहा, पंक्चर, सुटे भाग यांचा खर्च माणशी रोज ३०० रुपये धरला तरी १८,९०० रुपये होतात. समजा लोकांनी ५०,००० रुपये दिले आणि हा खर्च आम्ही त्यातून भागवला, तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम आमच्याच पोटात जाईल. देणाऱ्याने ते पैसे रुग्णासाठी दिलेले असतात, आमच्या वरण-भातासाठी नाही. त्यामुळे फेरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ज्याला झेपत नाही त्याचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा, आणि तोही गाजावाजा न करता.

मोहल्ल्यातल्या एका चाचांनी सुचवलं की जकातीतून थोडे पैसे घ्या, तुमचं कामही नेकीचंच आहे. आमच्यातल्या एकाने गमतीने दुजोरा दिला, की जकातीच्या हकदारांत मुसाफिर आहेतच, आपणही मुसाफिर होणार. हसून झाल्यावर विषय तिथेच संपवला ते बरं झालं. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि त्यातला मुसाफिर म्हणजे वाटेत अडकलेला, हातात काही न उरलेला माणूस. हौसेने सायकल घेऊन निघालेला तरुण त्यात बसत नाही. शिवाय जकात मुसलमान गरजूंनाच द्यावी, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. सदका मात्र कुणालाही देता येतो. आमची मदत धर्म विचारून द्यायची नाही, हे ठरलेलं आहे. म्हणून देणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगायचं: हा सदका समजून द्या, जकात तुमच्या हिशेबाने वेगळी काढा. एवढी एक ओळ सांगितली तर नंतरची कितीतरी कुरबूर टळते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे पैसा आपल्या हातात येऊच न देणं. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसलेल्या कुणालाही धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे आधी जावं लागतं आणि मागाहून हिशेब द्यावा लागतो. हे टाळून एखाद्याच्या मोबाईलवरचा क्यूआर कोड गटागटात फिरवणं ही आपल्याकडची जुनी खोड झाली आहे. देणगीदाराने थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत, पावती संस्थेची घ्यावी, आपण फक्त दुवा व्हावं. नियत साफ असली तरी कागद साफ लागतोच. आजच्या दिवसात मुस्लिम तरुणांच्या गटाने वर्गणी जमवली तर त्या पैशाबद्दल शंका घेणारे कमी नाहीत. त्यांना शिव्या देण्यात आपली ताकद घालवण्यापेक्षा हिशेब उघडा ठेवावा. तो त्यांच्यासाठी नव्हे, ज्यांनी विश्वासाने दिले त्यांच्यासाठी.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. फेरी कशासाठी? आम्ही सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी म्हटलं, तेव्हा बैठकीत एकाने विचारलं, "यात आपले किती?"

हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी रागावत नाही. आपल्या वस्तीत गरिबी आहे, अर्ध्यावर शाळा सोडलेली मुलं आहेत. आधी घरचं पाहावं असं कुणालाही वाटेल. पण उत्तर द्यायलाच हवं. सिकलसेल हा पूर्व विदर्भाचा जुना आजार आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच त्याची नोंद केली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय कुटुंबांत तो जास्त आढळतो, पण रक्तातला दोष जात किंवा धर्म बघून थांबत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. थॅलेसेमियाचं गणितही हेच. आपल्याकडे चुलत, मामे, मावस भावंडांत निकाह होतात. नात्यात एखादा वाहक असेल तर दोन्ही बाजू वाहक निघण्याची शक्यता वाढते. तरीही मेहर किती, जेवणाला काय, यावर महिनाभर बोलणारी आपली घरं रक्ततपासणीचा विषय निघाला की गप्प होतात. तेव्हा "यात आपले किती" याचं खरं उत्तर असं, की तपासल्याशिवाय ते कळणारच नाही.

आणि समजा तपासल्यावर आपला एकही निघाला नाही, तरी काय बदलतं? हा जिल्हा आपला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याचा श्वास अडकला होता. त्या बाळांची आडनावं कुणी विचारत बसलं नव्हतं. सरकारी रुग्णालय ही अशी जागा आहे जिथे आपण सगळे एकाच रांगेत असतो. त्या रांगेसाठी काम करणं म्हणजे कुणावर उपकार नव्हेत.

यातूनच तिसरा वाद निघाला. एक सूचना आली की प्रत्येक सायकलला तिरंगा लावू, म्हणजे वाटेत कुणी अडवणार नाही. माझा याला विरोध होता आणि आहे. तिरंगा आमचाही आहे, म्हणूनच तो ढालीसारखा पुढे धरायचा नाही. फेरी काढून आपण चांगले मुसलमान आहोत, देशावर प्रेम करणारे आहोत, याचा दाखला मिळवायचा असेल तर ती फेरी रुग्णांची राहत नाही, ती आपल्या भीतीची होते. दाखला मागणाऱ्याचं समाधान एका फेरीने कधी होत नाही. तो पुढच्या वर्षी पुन्हा मागतो. आमच्या पाटीवर एकच गोष्ट असेल, नियमित रक्तदाता व्हा. ज्याला टोपी घालायची आहे तो विसाव्याला घालेल, जिला ओढणी किंवा हिजाब घ्यायचा आहे ती हेल्मेटखाली नीट बांधून घेईल. चालत्या सायकलवर डोकं हेल्मेटमध्येच हवं.

भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. घरातले मोठे काळजी करतात ती उगीच नाही. त्यावर उपाय म्हणजे तयारी. वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला मार्ग, तारखा आणि नावांचं पत्र आधी द्यायचं. मुक्कामाच्या गावातल्या दोन ओळखीच्या माणसांशी आधी बोलायचं, त्यातला एक तरी आपल्या समाजाबाहेरचा असावा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मालाच्या ट्रकांची रीघ असते, तिथे एकामागे एक चालायचं आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवायचा. चिमूर-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघांचा वावर आहे. तिथे सूर्य वर आल्यावर निघायचं आणि दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी मुक्कामाला पोहोचायचं. कुणी वाटेत हुज्जत घातली तर गटातला ठरलेला एकच माणूस बोलेल, बाकीचे मोबाईल काढणार नाहीत.

मुलींचा प्रश्न अजून संपलेला नाही. नऊ जणांत आम्ही तिघी आहोत. "मुली शेवटच्या दिवशी स्वागताला येतील" हा प्रस्ताव आधी आला होता. म्हणजे घाम मुलांचा आणि गुलाबाची फुलं मुलींच्या हातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने हजारो ग्रामीण बायकांना सायकल शिकवली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्यात मुस्लिम बायकाही होत्या. सायकल हातात आल्यावर पाणी, बाजार, मुलाला दवाखान्यात नेणं, या सगळ्यासाठी नवऱ्याची किंवा बसची वाट पाहणं कमी झालं. आपल्याकडे शाळेसाठी मिळालेली सायकल दहावीनंतर भावाकडे जाते. म्हणून आमची अट अशी आहे: मार्ग, मुक्काम, खर्च ठरवणाऱ्या बैठकीत मुली पहिल्या दिवसापासून असतील. मुक्कामाला स्वच्छ संडास आणि आतून कडी लागणारी खोली आहे का, हे आम्हीच विचारणार, कारण ते मुलांच्या लक्षात येत नाही. घरच्यांना समजावायलाही आम्ही एकमेकींच्या घरी गेलो. एखादी आपा समोर बसून बोलते तेव्हा अम्मी ऐकतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पाहून कुणी मुलीला सात दिवस पाठवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फेरी संपल्यावर काय उरणार? आपल्याकडे ईद-ए-मिलादला आणि जयंत्यांना मोठी रक्तदान शिबिरं होतात. ती चांगलीच आहेत. पण रक्तपेढीत लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एका दिवशी ढीगभर पिशव्या जमल्या तरी दोन महिन्यांनी त्यांचा उपयोग नाही, आणि थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लग्नसराई असते, उन्हाने दाते कमी होतात. रमजानमध्येही दिवसा रोजा असल्याने आपले दाते येत नाहीत. म्हणून आम्ही फेरीत पैशापेक्षा नावं जमवणार आहोत. प्रत्येक गावात रक्तगट, वय आणि कोणत्या महिन्यात देणार हे लिहून घ्यायचं. पुरुष तीन महिन्यांनी आणि बाई चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलं म्हणजे बहुतेक निरोगी माणसं पात्र ठरतात. स्वार मात्र फेरीच्या दिवसांत रक्त देणार नाहीत. परतल्यावर, विश्रांती घेऊन देतील.

नावांसोबत कागदही न्यायचे आहेत. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतात. एसटीच्या सवलतींच्या यादीत सिकलसेलचे रुग्ण आहेत. सरकारी रक्तपेढीत या रुग्णांना रक्ताचे पैसे पडत नाहीत. पण हे माहीत नसलेलं एखादं कुटुंब उसने पैसे काढून मुलाला नागपूरला 'मेडिकल'मध्ये नेतं. त्यांच्या हातात आपण पाचशेची नोट ठेवली तर एक फेरी निघेल. प्रमाणपत्राचा अर्ज बसून भरून दिला तर वर्षानुवर्षं उपयोग होईल. खैरात आणि हक्क यांच्यात निवड करायची वेळ आली तर आपण हक्काच्या बाजूने उभं राहावं, असं मला वाटतं.

तुम्हीही अशी फेरी काढणार असाल तर सायकलची दुकानं आणि टी-शर्टचे रंग नंतर बघा. आधी आपल्या जिल्ह्याच्या रक्तपेढीत जा आणि तिथल्या तंत्रज्ञाला दोन गोष्टी विचारा: वर्षातल्या कोणत्या महिन्यात टंचाई असते आणि कोणता रक्तगट सारखा कमी पडतो. त्या उत्तरावरून फेरीची तारीख आणि मार्ग ठरवा.